तीन नंबरच्या सिलिंडरमागचा पत्रा

माझ्या डाव्या कडेला फटी बुजवायच्या लाल सीलंटचा एक ठिपका आहे, साधारण वाटाण्याएवढा. त्यात अंगठ्याचा ठसा उमटला आहे. रेषा बारीक आणि स्पष्ट आहेत. मधून एक तिरपी, गुळगुळीत पट्टी जाते. ती जुन्या जखमेची. सीलंट ओला असताना अंगठा टेकला आणि ठसा तसाच वाळला. अंगठा आता नाही. ठसा आहे.

मित्रांनो, मी अ‍ॅल्युमिनियमचा एक जुना पत्रा आहे. बुऱ्हाणपूरच्या लालबागेत, बंद पडलेल्या एका पॉवरलूमच्या शेडमध्ये, घरी बांधलेलं एक छोटं विमान उभं आहे. त्याच्या इंजिनात, तीन नंबरच्या सिलिंडरमागे माझी जागा आहे.

मला विनायक सरांनी घडवलं. ते कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत. निवृत्तीनंतर त्यांनी हे विमान बांधायला घेतलं. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यांनी तो सिलिंडरला लावून पाहिला, पुन्हा कापला, पुन्हा लावला. तो नमुना जमल्यावर मला कापलं, कडा कानशीनं घासल्या, माथ्यावर रबराची झालर बसवली आणि डाव्या कडेची फट अंगठ्यानं सीलंट दाबून बुजवली.

“पप्पा, हवा तर चारी बाजूंनी आहेच. मग हा पत्रा कशाला?” त्यांच्या मुलीनं, तृप्तीनं, एकदा विचारलं.

“केळीच्या बागेत पाणी सोडलं आणि बांधच नसला तर?”

“शेजारच्याच्या शेतात जाईल.”

“मग? हवा पाण्यापेक्षा आळशी. फट दिसली की तिकडून पळते. तिला सिलिंडरवरच्या या पातळ पात्यांमधूनच जायला लावायचं. हा वाऱ्याचा बांध आहे.”

या इंजिनात पाणी नसतं. वाराच त्याला थंड ठेवतो. त्यामुळे माझी छाती त्या दिवशी फुगली होती. पण पाणीच आलं नाही तर बांध तरी काय करणार? विमान उडतं तेव्हा समोरून जोराचा वारा आत घुसतो. जमिनीवर उभं असताना पुढच्या पंख्याचा बहुतेक वारा बाहेरूनच मागे जातो, आत जेमतेम झुळूक शिरते. म्हणून सर इंजिन तपासायला सुरू करत, तेव्हा त्यांची नजर तापमानाच्या काट्यावर असे. काटा पिवळ्या खुणेला टेकला की बंद. “उभ्यानं तापतं, उडताना निवतं,” ते म्हणत. त्यांच्या पत्नी, शारदाबाई, आसनावर बसून ब्रेक दाबून धरत. शेडच्या दारातून वारा बाहेर झेपावला की समोरच्या मथुराबाई ओरडत, “ओ सर, तुमचं विमान उडायच्या पहिले माझे पापड उडून राहिले ना!”

“वहिनी, कुठं उतरले ते सांगा, गोळा करून देतो!”

मग इंजिन बंद होई आणि सर टेबलाशी विचार करत बसत. विचार करताना पेन्सिल वाजवायची त्यांना सवय होती. टक्… टक्-टक्.

उड्डाणाची परवानगी यायच्या आधीच सर गेले. मी ज्या वाऱ्यासाठी घडलो, तो मला लागलाच नाही.

दिवसपाणी आटोपल्यावर एका रविवारी सकाळी शारदाबाई एकट्याच शेडमध्ये आल्या. उभी गाडी बिघडते, अधूनमधून सुरू करावी लागते, असं आपल्याकडे सगळेच म्हणतात. चाकांना लाकडी ठोकळे लावले, शेपटी खांबाला बांधली आणि त्यांनी इंजिन सुरू केलं. बंद केल्यावर त्या तिथंच बसून राहिल्या. शेडमध्ये चिटपाखरू नव्हतं. आणि इंजिनातून आवाज आला.

टक्… टक्-टक्.

शारदाबाईंचा हात ब्रेकवरून सुटला. “काय हो?” त्या हळूच म्हणाल्या.

मित्रांनो, तापलेला धातू निवताना आक्रसतो आणि आक्रसताना वाजतो. तो आवाज आमचा होता. सिलिंडरचा, माझा, मला जोडणाऱ्या खिळ्यांचा, म्हणजे रिवेटांचा. पण ते सांगायला मला तोंड नव्हतं. खरं सांगायचं तर कधी कधी, त्या शांततेत, मलाही खात्री वाटेनाशी होई.

मग दर रविवारी त्या येऊ लागल्या. गॅस संपला, तृप्तीचा फोन आला, मथुराबाईंचा गुडघा दुखतो, सगळं सांगत. सरांचा जुना विद्यार्थी रितेश आता एका धावपट्टीजवळ नोकरी करत होता. विमान तिकडे नेऊन, परवानगी काढून उडवायची त्याची इच्छा होती. तो वरचेवर फोन करी आणि त्या “बघू” म्हणत. रविवारी त्या इंजिनाला विचारत, “रितेश न्यायचं म्हणतो. देऊ का?”

टक्-टक्.

“नको ना? मला वाटलंच.”

त्यांना एक गोष्ट लवकरच उमगली होती. इंजिन जितकं जास्त तापेल, तितका वेळ ते नंतर बोलतं. काटा पिवळी खूण ओलांडून जाऊ लागला. पुढे तो लाल खुणेला भिडू लागला. माझी रबराची झालर भाजून कडक झाली, तिच्याखाली फट पडली, आणि होती ती झुळूकही तिथून निसटू लागली. एका रिवेटपासून माझ्या अंगावर तडा निघाला. माझ्या मागोमाग सिलिंडर तडकणार, हे मला दिसत होतं. तो तडकला की हे विमान कुणालाच, कधीच उडवता येणार नव्हतं.

दिवाळीला तृप्ती आली. रविवारी ती आईबरोबर शेडमध्ये बसली. इंजिन बंद झालं. टक्… टक्-टक्. तृप्तीचा चेहरा पांढरा पडला.

“मम्मी… पप्पा डिट्टो असंच करायचे.”

“ऐकलंस ना? मी काही वेडी नाही झाले.”

तृप्तीनं डोळे पुसले. मग उठून तिनं इंजिनावरचं झाकण उघडलं. टॉर्च माझ्यावर पडला आणि तड्यावर थांबला. पलीकडे सिलिंडरचा रंग करपून तपकिरी झाला होता.

“मम्मी, हे जळून चाललंय. अजून थोडे दिवस असंच चालवलंस, तर खतम. मग रितेशदादा नेऊन पण काय करेल?”

“मला काटा वाचता येतो, तृप्ती. त्यांनीच शिकवला.”

“मग तरी पण?”

शारदाबाईंनी पुढे होऊन इंजिनावरचं झाकण लावलं.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. वस्तू जपायची असेल, तर ती कशासाठी घडली ते आधी विचारा. पंख असलेल्या वस्तूला खांबाला बांधून कितीही माया केली, तरी ती आतून करपते.

पुढच्या रविवारी दोघी पुन्हा आल्या. शारदाबाई आसनावर चढल्या; पण त्यांनी इंजिन सुरू केलं नाही. नुसत्याच बसल्या. मथुराबाईंनी दारातून डोकावून पाहिलं. “काय हो ताई, आज पापड वाळू देता का काय?” कुणी हसलं नाही, तशा त्या मुकाट परत गेल्या.

“अहो,” शारदाबाई म्हणाल्या, “रितेश न्यायचं म्हणतो. देऊ का?”

त्या वाट पाहत राहिल्या. मीही पाहिली. त्या दिवशी मला फार वाटलं, एकदाच वाजावं, हो म्हणून. पण गार पत्र्याला आवाज नसतो. सिलिंडर गप्प, रिवेट गप्प. शेडमध्ये इतकी शांतता मी कधीच ऐकली नव्हती.

“काहीच नाही बोलत,” त्या म्हणाल्या.

“मम्मी, आता तुलाच बोलावं लागेल.”

तृप्तीनं फोन लावून त्यांच्या हातात दिला. पलीकडून रितेशचं “नमस्कार काकू” ऐकू आलं. शारदाबाई जो निर्णय इतके दिवस दुसऱ्याच्या तोंडून ऐकू पाहत होत्या, तो त्यांनी स्वतःच्या आवाजात सांगितला,

“रितेश, ट्रक घेऊन ये. ने त्याला, नीट कर, आणि उडव.”