घास कुठे अडतो

अराझगेल्दी रोटी चहात बुडवून खायला लागला, तेव्हा कापसाची वेचणी नुकतीच संपली होती. आमच्या भागात, इराणमधल्या गोंबद शहराच्या उत्तरेकडच्या तुर्कमेन गावांत, या गोष्टीकडे कुणी सहज बघत नाही. रोटीचा कडक काठ माणूस बाजूला ठेवायला लागला की पंगतीतले बाकीचे एकमेकांकडे बघतात आणि पावसाचा नाहीतर घोड्यांचा विषय काढतात. या आजाराचा क्रम सगळ्यांना पाठ आहे. आधी रोटी अडते, मग मांस, मग भात, मग रस्सा, शेवटी पाणी. नाव मात्र कुणी घेत नाही.

मी एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. अन्ननलिकेचा धडा आला की मुलांना माझ्या हाताची वीत दाखवून सांगायचो, एवढी लांब, वर आणखी तीन बोटं. घास तिच्यातून नुसता खाली पडत नाही, नळी त्याला ढकलत पोटाकडे नेते. म्हणून डोकं खाली, पाय वर करूनही पाणी पिता येतं. हे मुलं लगेच करून बघत आणि वर्गभर पाणी सांडे. एक गोष्ट मात्र मी शिकवली नव्हती. ही नळी फार सोशिक असते. निम्मी अरुंद होईपर्यंत ती काही कळू देत नाही. रोटी अडते, तेव्हा आतला आजार बराच पुढे गेलेला असतो.

अराझगेल्दी माझा शेजारी, शर्यतीचे घोडे तयार करणारा. त्याने स्वतःच इलाज सुरू केला, चहाचा. "आत चरबी साचलीय, मास्तर," तो म्हणायचा. "गरम ओतलं की वितळते." आमच्याकडे जेवायला बसलं की प्रत्येकासमोर त्याची स्वतःची किटली येते, त्यामुळे कोण किती गरम पितो हे दुसऱ्याला कळत नाही. अराझगेल्दी किटली निखाऱ्यावरून काढली की थेट पेल्यात ओतायचा आणि फुंकर न मारता प्यायचा. उकळत्या चहाने ही नळी वर्षानुवर्षं पोळते, असं आरोग्यघरातल्या फलकावर लिहिलेलं आहे. फलक फारसीत आहे, आमच्या तुर्कमेन भाषेत नाही, आणि लोक त्याच्याखाली बसून चहा पितात.

ते आरोग्यघर त्याची धाकटी सून मायसा चालवायची. बाळांची वजनं घ्यायची, लसी टोचायची, म्हाताऱ्यांचा रक्तदाब मोजायची. तिथे ती दिवसभर बोले. घरी आली की ओढणीचं टोक दातांत धरून तोंड झाकून घेई. याला आम्ही याशमाक म्हणतो. नव्या सुनेने सासऱ्यासमोर बोलायचं नाही. काही वर्षांनी सासू तिला नवी ओढणी देते आणि 'आता बोल' म्हणते, तेव्हा तोंड सुटतं. मायसाच्या लग्नाला पाच वर्षं झाली होती. सासू, ओगुलबेके, तिसऱ्या वर्षी अचानक गेली. त्यानंतर ओढणी देण्याचं काम कुणाचं, हा प्रश्नच कुणाला पडला नाही.

पंगत उठल्यावर सासऱ्याच्या जागी राहिलेले रोटीचे काठ तिनेच सर्वांत आधी पाहिले होते. तिने नवऱ्याला, बेगमिरातला, सांगितलं. बेगमिरातने बापाला सांगितलं. अराझगेल्दी म्हणाला, "शर्यती होऊ देत." शर्यती झाल्या, हिवाळा गेला. त्याच्या कमरेच्या पट्ट्याला दोन नवी भोकं पाडावी लागली. मग त्याचा आवाज बसला, आणि एक दिवस त्याने हाक मारली तरी त्याच्या घोडीने कान वळवले नाहीत. त्याच आठवड्यात तो गोंबदला जायला तयार झाला.

तिथे दुर्बीण आत घालून बघितलं, तुकडा तपासायला घेतला, स्कॅन काढला. डॉक्टर बाहेरच्या बाकावर बेगमिरात आणि मायसाशी वीस मिनिटं बोलले. अराझगेल्दीला सांगितलं गेलं की सूज आहे. दोनच दिवसांत बेगमिरातने तेहरानच्या एका सर्जनचा पत्ता मिळवला. ऑपरेशन ठरलं, शनिवारी निघायचं.

बुधवारी दुपारी अराझगेल्दी माझ्या अंगणात येऊन तुतीखाली बसला.

"मास्तर, तू जन्मभर पोरांना शिकवलंस. आता मला शिकव. सूज काढायला माणसं तेहरानला कधीपासून जायला लागली?"

"मला काय माहीत?"

"खोटं बोलायचं झालं की तू चष्मा पुसतोस."

मी चष्मा डोळ्यांवर चढवला. आजाराचं नाव मला माहीत होतं, पण तपासणीचे कागद मी पाहिले नव्हते. अर्धवट माहितीवर धडा घ्यायचा नाही, हे मी पहिल्याच वर्षी शिकलो होतो.

"मला तिथे कापून घ्यायचंय का नाही, ते मला ठरवायचंय," तो म्हणाला. "पोरगा ठरवून बसलाय. काय ठरवलंय ते तरी कळू दे. कागद कुणी वाचलेत?"

"मायसाने."

"ती बोलत नाही."

"तिला बोल म्हणून सांगितलंय कुणी?"

"ओगुलबेकेने सांगितलं असेल की."

"ओगुलबेकेला जाऊन दोन वर्षं झाली, अराझगेल्दी."

"म्हणजे पोरगी अजून तोंड बांधूनच आहे?"

"तुझ्याच घरात राहते. मला काय विचारतोस?"

"मला वाटलं, तिचा स्वभावच तसा," तो म्हणाला.

आम्ही त्याच्या घरी गेलो. बेगमिरात प्रवासाची बॅग भरत होता, मायसा चुलीपाशी होती. अराझगेल्दीने खिशातून किल्ली काढून बायकोची पेटी उघडली आणि तळातून एक ओढणी बाहेर काढली, लाल, मोठ्या गुलाबांची, लांब झालरीची. घडीत अजून दुकानाचा कागद होता.

"बाबा, हे बायकांचं काम," बेगमिरात म्हणाला.

"मग माझी बायको आणून दे."

अराझगेल्दीने ओढणी सुनेपुढे धरली. "मायसा, घे. उशीर झाला. आता बोल."

तिने ओढणी घेतली, दातांतलं टोक सोडलं आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"मायसा, नको," बेगमिरात म्हणाला. "बाबा, तुम्ही हाय खाल. सगळे म्हणतात, आजाऱ्याला सांगू नये."

"मी तुला खूर फाटलेला घोडा दिला आणि सांगितलं नाही, तर काय म्हणशील मला?"

"हे वेगळं आहे, बाबा."

"आहेच. घोडा परत तरी करता येतो. बोल, पोरी."

मायसा त्याच्यासमोर बसली. तिचा आवाज मला ती लहान असल्यापासून ओळखीचा, ती माझ्याच शाळेत शिकली. अराझगेल्दीने तो समोरासमोर पहिल्यांदा ऐकला.

"बाबा, कॅन्सर आहे. अन्ननलिकेत, छातीच्या मधोमध." तिने स्वतःच्या छातीवर बोट ठेवून जागा दाखवली. "तो नळीच्या भिंतीतून बाहेर पडलाय. आवाजाची नस तिथून जाते, तिच्यावर दाब आलाय, म्हणून तुमचा आवाज बसला. आणि यकृतावर तीन डाग आहेत."

"तिथे कसा गेला?"

"रक्तातून जातो."

"आणि तेहरानला काय कापणार?"

"नळी. गाठ एकाच जागी असती तर त्याचा उपयोग होता. आता छाती उघडतील, तुम्ही दोन-तीन महिने अंथरुणाला खिळाल, आणि यकृतावरचं जिथल्या तिथे राहील. गोंबदच्या डॉक्टरांनी ऑपरेशन नको म्हणून स्पष्ट सांगितलंय."

"तेहरानचे करतो म्हणालेत!" बेगमिरात म्हणाला.

"त्यांनी स्कॅन पाहिलेला नाही. तुम्ही फोनवर सांगितलंत तेवढंच त्यांना माहीत आहे."

बेगमिरातने बॅगेची चेन अर्धी लावली, पुन्हा उघडली आणि तिथेच बसून राहिला.

"किती दिवस?" अराझगेल्दीने विचारलं. घोड्याचं वय विचारावं तसं.

"डॉक्टर महिने म्हणाले. वर्ष नाही म्हणाले. नेमकं कुणालाच सांगता येत नाही."

"काहीच करता येत नाही?"

"बरं करता येत नाही. करण्यासारखं पुष्कळ आहे. तोंडातून दुर्बिणीने एक जाळीची नळी आत बसवतात, कापाकापी नाही. अडलेली जागा उघडी राहते. मग रस्सा, दही, मऊ भात जाईल. रोटी नाही, मांसाचा तुकडा नाही, अडकला तर परत जावं लागेल. झोपताना उशी उंच हवी. दुखायला लागलं तर औषध आहे, थेंब कमीजास्त करायचे, ते मी बघेन. केमो म्हणून एक आहे. त्याने थोडे दिवस वाढू शकतात, त्रासही होतो. ते तुम्ही ठरवायचं."

"चहा?"

"कोमट."

"कोमट चहा! घोडी मुतली तरी त्याहून गरम असतं."

मायसा हसली. मग तिने चटकन हात तोंडावर नेला आणि परत खाली घेतला.

"चहानेच झालं का हे?" त्याने विचारलं.

"एकट्या चहाने म्हणता येत नाही. भर मात्र घातली."

"आणि शर्यतींच्या आधी कळलं असतं तर?"

"कदाचित ऑपरेशन जमलं असतं. कदाचित नसतं. तेव्हा मी यांना एकदा सांगितलं होतं. तुम्हाला सांगता आलं असतं, तर रोज सांगितलं असतं."

अराझगेल्दीने किल्लीकडे पाहिलं. ती अजून त्याच्या हातातच होती.

"ओढणी पेटीत होती," तो म्हणाला. "आणि किल्ली माझ्याकडे." मग मुलाकडे वळून म्हणाला, "बेगमिरात, तेहरानला फोन कर. येत नाही म्हणावं. शनिवारी गोंबदला जाऊ, त्या जाळीसाठी. केमो नको. आणि रडायचं असेल तर तबेल्यात जाऊन रड, घोड्यांना सवय आहे."

बेगमिरातने फोन उचलला आणि तो बाहेर गेला.

जाळी बसवली. तीन दिवस छातीत दुखलं, मग कमी झालं. अराझगेल्दी पाच महिने जगला. त्यातले साडेतीन महिने तो मुलांबरोबर पंगतीत जेवला, शेवटी शेवटी फक्त पातळ. वसंतातल्या शर्यतींना गेला, एका घोड्याला लंगडा ठरवून मालकाशी भांडला. नंतर दुखणं वाढलं, पायांवर सूज आली, झोप दिवसाही येऊ लागली. असं काही नवीन दिसलं की प्रत्येक वेळी तो चुलीच्या खोलीकडे तोंड करून त्या फाटक्या आवाजात हाक मारायचा, "मायसा, आता हे काय?" आणि आतून उत्तर यायचं.