गाईडशिवाय मागे नाही

"पीछे आदमी नहीं," हान मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी स्टिअरिंगवरचे दोन्ही हात काढून मांडीवर ठेवले.

शेजारी बसलेल्या इन्स्पेक्टरला काही कळेना. "किसका आदमी? मॅडम, गाड़ी पीछे लो. वो दो ड्रम दिख रहे हैं? उनके बीच में."

"पीछे आदमी नहीं, गाड़ी पीछे नहीं." मॅडमनी शांतपणे, लहान मुलाला समजवावं तसं पुन्हा सांगितलं.

मैदानाच्या कडेला उभा असलेला कृष्णात मगदूम आत धावला. गेटवरच्या शिपायानं त्याला अडवलं. टेस्ट चालू असताना बाहेरचा माणूस आत चालत नाही. इन्स्पेक्टरनं मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, कागदावर एक आडवी रेघ ओढली आणि तो उतरून गेला. हान मॅडम नापास झाल्या. आणि त्यांना नापास करणारा माणूस गेटपाशी तोंडात मारल्यासारखा उभा होता.

कृष्णात मूळचा कागलकडचा. फौजेत बावीस वर्षं ड्रायव्हर होता आणि हवालदार म्हणून निवृत्त झाला. फौजेत गाडी मागे घ्यायची तर सोबत्यानं खाली उतरून मागे उभं राहायचं आणि त्याच्या हाताच्या इशाऱ्यावरच गाडी हलवायची. त्या सोबत्याला गाईड म्हणतात. बाकीचे ड्रायव्हर निवृत्त झाले की हा नियम वर्दीबरोबर ट्रंकेत घालून मोकळे होतात. कृष्णातला ते जमलं नाही. सिक्कीमच्या घाटात एका घाईच्या सकाळी कुणीतरी गाईडशिवाय लॉरी मागे घेतली होती, आणि मागची फळी लावत असलेला पलटणीतला सोबती नरसिंह तिच्याखाली आला होता. नरसिंहला उचलणाऱ्या चौघांत कृष्णात होता. त्यानंतर दिल्लीतही त्यानं एकट्यानं गाडी मागे घेतली नाही. कधी वॉचमनला उभं करी, कधी इस्त्रीवाल्याला. एकदा तर हान साहेबांकडे जेवायला आलेल्या टायवाल्या पाहुण्यालाच त्यानं हात धरून गाडीमागे नेलं होतं. लोक हसत आणि कृष्णात हसू देई.

हान साहेब नोएडात नव्यानं निघालेल्या एका कोरियन कारखान्यात इंजिनीअर होते. त्यांच्या घरच्या गाडीवर कृष्णात तीन वर्षं होता. मुलीला, म्हणजे बेबीला, यमुनेपलीकडच्या शाळेत सोडायचं, आणायचं आणि मॅडमना बाजारात न्यायचं, एवढं काम. मॅडमचं हिंदी सगळं त्याच्याकडून उचललेलं, त्यामुळे त्या भाजीवाल्यालाही "जल्दी रिपोर्ट करो" असं फर्मावत. सत्त्याण्णव सालच्या हिवाळ्यात कोरियाचं चलन कोसळलं आणि इथं नोएडात साहेबलोकांच्या घरच्या गाड्यांवरचे ड्रायव्हर काढले गेले. कंपनीतल्या अविनाशबाबूंनी कृष्णातला बोलावून सांगितलं, "मैडम अब खुद चलाएंगी. उनका लाइसेंस बनने तक आप हैं. आप ही सिखा दीजिए."

म्हणजे मॅडम पास झाल्या की त्या दिवशी कृष्णातची नोकरी संपली. त्यात त्याच्यापासून लपवाछपवी काही नव्हती.

मयूर विहारच्या खोलीत तानूबाईनं हे ऐकलं तेव्हा तिनं लाटणं खाली ठेवलं. "आन् तुमी शिकवनार?"

"सांगितलंय तर शिकवायला नको?"

"शिकवा की. पर जरा बेतानं शिकवा. शिवांगीचं बारावीचं वर्ष हाय, यार. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा म्हंजे..."

तो 'यार' तिला दिल्लीनं दिलेला. नवऱ्यालाही ती बिनदिक्कत यार म्हणायची.

कृष्णातला बेतानं शिकवणं ठाऊकच नव्हतं. पहिल्या दिवशी त्यानं मॅडमना गाडीत बसूच दिलं नाही, बॉनेट उघडून तेल, पाणी, बेल्ट, मग चाकांची हवा, सगळं हात लावून तपासायला लावलं. मॅडमनी त्यांच्या देशात आठ वर्षं गाडी चालवली होती, पण तिथं गाड्या उजव्या बाजूनं चालतात आणि इंडिकेटरचा दांडा डाव्या हाताला असतो. त्यामुळे प्रत्येक वळणावर मॅडमचा डावा हात उठे आणि जानेवारीच्या कोरड्या उन्हात वायपर फडफडू लागत. कृष्णात न हसता म्हणायचा, "बारिश नहीं है, मैडम. फिर से." असं दिवसातून चाळीस वेळा. आरटीओ ऑफिसबाहेरचे दलाल टेस्टशिवाय लायसन्स हातात ठेवायला तयार होते. मॅडमना ते समजलं तेव्हा त्यांनी कृष्णातच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

आणि त्यांनी मन लावून शिकलेला पहिला नियम हाच, की मागे माणूस नसेल तर गाडी मागे नाही.

नापास झाल्याच्या दुसऱ्या दिवशी अविनाशबाबू कृष्णातच्या खांद्यावर थाप मारून हसले. "वाह हवलदार साब! क्या चाल चली है. महीना तो निकल ही गया."

कृष्णातची कानशिलं तापली. उलट बोलणं त्याच्या सवयीत नव्हतं. घरी आला तर तानूबाईनं शिरा केलेला. ताटाकडे पाहून तो म्हणाला, "हे कशाबद्दल?"

"कशाबद्दल न्हाई. सहज."

"ती माझ्यामुळं नापास झाली, तानू. लोकांना वाटतंय मुद्दाम केलं."

"वाटू दे की लोकांना! लोक येनारेत का शिवांगीची फी भरायला?"

तिचंही खरंच होतं. शिरा गार झाला. शेवटी शिवांगीनंच तो खाल्ला.

पुढची तारीख तीन आठवड्यांनी होती. नोएडात तेव्हा सेक्टरचे सेक्टर रिकामे पडलेले, नुसते आखलेले रस्ते आणि प्लॉटांचे नंबर. साहेबांच्या घरामागच्या अशाच एका रस्त्यावर कृष्णातनं विटांच्या दोन थप्प्या रचल्या आणि स्वतः स्टिअरिंगवर बसला. जे शिकवायचं ते आधी आपल्याला यायला हवं. आरशात बघत त्यानं रिव्हर्स टाकला. आरशात विटा दिसत होत्या, पण त्याला त्या विटा वाटेनात. पहिल्यांदा डावी थप्पी पाडली, दुसऱ्यांदा उजवी. सत्तेचाळीस वर्षांचा हवालदार नवशिक्या पोरासारखा घामाघूम झाला. तरी तो उतरला नाही. सातव्या खेपेला गाडी विटांच्या मधून सरळ मागे गेली.

तो उतरला तेव्हा हान मॅडम रस्त्याच्या कडेला हाताची घडी घालून उभ्या होत्या.

"अविनाश बोला," त्या म्हणाल्या. "मैं पास, आप घर. सच?"

कृष्णात विटा सरळ करत राहिला.

"सच?"

"सच, मैडम."

मॅडम जवळ आल्या. "तो मैं फेल. फिर फेल. आप रहो. बेबी भी खुश." त्या अगदी गंभीरपणे, हिशेब जुळल्यासारख्या बोलत होत्या.

कृष्णात ताठ उभा राहिला. परेडच्या मैदानावर वापरायचा तो आवाज बाहेर आला. "ऐसी बात दुबारा नहीं! मेरा सिखाया हुआ आदमी जान-बूझकर फेल नहीं होगा. गाड़ी में बैठिए."

मॅडम बसल्या. तोंड लाल झालं होतं, डोळेही. रिव्हर्स टाकण्याआधी त्या थांबल्या, काही विचार केला आणि दार उघडून खाली उतरल्या. गाडीला पूर्ण वळसा घातला, मागे जाऊन वाकून चाकांखाली पाहिलं, मग परत येऊन बसल्या. "पीछे आदमी मैं," त्या म्हणाल्या. आणि आरशात बघत गाडी मागे घेतली.

बावीस वर्षांत हे आपल्याला का सुचलं नाही, याचंच कृष्णातला नवल वाटलं. या बाईबद्दल त्याला त्या घडीला जो आदर वाटला तो त्यानं फार थोड्या अफसरांना दिला होता.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात दुसरी टेस्ट झाली. इन्स्पेक्टर तोच. "बैक करो," म्हणाला, आणि मॅडम दार उघडून उतरल्या तसा त्यानं कपाळाला हात लावला. मॅडमनी वळसा घातला, वाकून पाहिलं, बसल्या, आणि दोन ड्रमांच्या मधून गाडी अशी सरळ मागे नेली की रांगेतल्या दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. इन्स्पेक्टर उतरून गेटपाशी आला.

"आपने सिखाया? फौजी हो?"

"जी साब."

"पच्चीस गाड़ियां रोज देखता हूं," एवढंच बोलून त्यानं सही केली.

परतताना मॅडम म्हणाल्या, "पहले आपका घर." कृष्णात नको म्हणत होता, पण गाडी मॅडमच्या हातात होती. तो डावीकडच्या सीटवर बसला. मॅडमनी ट्रकला वाट दिली, चौकात थांबल्या, सायकलवाल्याला जाऊ दिलं. कृष्णातला मध्ये बोलायला काही जागाच मिळेना. ऊन काचेतून मांडीवर येत होतं.

त्याला जाग आली तेव्हा गाडी मयूर विहारला त्याच्या इमारतीखाली उभी होती. इंजिन बंद होतं. मॅडम काही न करता नुसत्या बसल्या होत्या. खिडकीबाहेर तानूबाई हातात रिकामी कपबशी घेऊन उभी.

"किती वेळ झाला?" त्यानं दचकून विचारलं.

"पाऊण तास. मी उठवत हुते, तर ह्यांनी उठवूच दिलं न्हाई. च्या पण गाडीतच पिल्या."

कृष्णात गडबडीनं उतरला. स्वेटर खाली ओढून सरळ केला. खिशातली दुसरी चावी काढून त्यानं मॅडमच्या हातात दिली. मॅडमनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि बसल्या जागी मान खाली वाकवली, बराच वेळ. मग गाडी निघाली आणि चौकातून डावीकडे वळून दिसेनाशी झाली.

"पास झाली?" तानूबाईनं विचारलं.

"झाली."

"म्हंजे उद्या डबा नको."

"नको."

तिनं कपबशी पदराला पुसली. जिना चढताना मध्येच थांबून ती म्हणाली, "पर तुमी झोपला कसं? दुसऱ्याच्या गाडीत तुमचा डोळा लागलेला मी उभ्या जन्मात बघितला न्हाई."

कृष्णातनं कठड्यावर हात ठेवला.

"चांगली चालवते," तो म्हणाला, आणि तिच्यामागून वर निघाला.