केयूरचा तक्ता

लॅपटॉप कोणता घ्यायचा, हे हेमचंद्र धारूरकरांचं पहिल्या दोन मिनिटांतच ठरलं होतं. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढे महिनाभर त्यांनी जो घोळ घातला, तो कुणाला अडाणीपणा वाटायचा. तीस वर्षं त्यांनी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात नकाशे काढले होते आणि निवृत्तीनंतर उस्मानपुऱ्यातल्या घरी डेस्कटॉपवर काढत होते. दोन यंत्रांतला फरक त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

२०१६ चा उन्हाळा होता. औरंगाबाद चहूकडून वाढत चाललं होतं, शेंद्र्याकडे शेतांच्या जागी शेड उठत होत्या. कामाला तोटा नव्हता, तोटा होता पाण्याचा. नळ चौथ्या दिवशी यायचा, तोही पाऊण तास. आणि नऊ वर्षांचा तो डेस्कटॉप उन्हानं तापला की अर्ध्या नकाशावरच मान टाकायचा.

म्हणून केयूरनं, त्यांच्या एकुलत्या एका मुलानं, जर्मनीतून एक तक्ता करून पाठवला. डेस्कटॉपच्या जागी बसतील असे दोन लॅपटॉप. प्रोसेसर तोच, रॅम तेवढीच, पडदा पंधरा इंची, ग्राफिक्स कार्डसुद्धा एकच. पहिला अडीच किलोचा, उजवीकडे आकड्यांची वेगळी बटणं असलेला. दुसरा अर्धा किलो हलका, पण त्याला ती बटणं नव्हती. ज्याचा अख्खा दिवस फूट आणि इंच टाइप करण्यात जातो, त्यानं यात विचार तो काय करायचा? पहिला घ्यायचा.

हे ते केयूरला सांगणारच होते. पण संध्याकाळी फोन आला आणि ‘बाबा, तक्ता बघितलात?’ असं म्हणून तो जो सुरू झाला, तो चांगली वीस मिनिटं बोलला. तेही वडिलांशी. सहा वर्षं त्याचा फोन फक्त रविवारी यायचा. तब्येत कशी, गोळी घेताय ना, पाऊस काय म्हणतो, एवढं झालं की ‘आईकडे देता?’ आई तासभर बोलायची आणि हेमचंद्रराव शेजारी बसून तिच्या चेहऱ्यावरून तिकडचं बोलणं ताडायचे. दोघांत भांडण कसलंच नव्हतं, बोलायला विषय तेवढा नव्हता. आणि आज पोरगा वीस मिनिटं बोलला होता! पहिला लॅपटॉप ठरलाय हे वाक्य हेमचंद्ररावांनी गिळलं आणि विचारलं, “दुसरा हलका आहे म्हणतोस. म्हणजे साइटवर न्यायला सोपा, नाही का?”

“विचार करण्यासारखं आहे,” केयूर म्हणाला. “बघून उद्या सांगतो.”

उद्या! हेमचंद्ररावांना रात्री जेवण दोन घास जास्त गेलं.

तिथून रोज फोन येऊ लागला. पंख्याचा आवाज कुणाचा जास्त, बिजागरी कुणाची मजबूत, आपल्या उन्हात कोणता टिकेल. हेमचंद्रराव सकाळपासून प्रश्न शोधायचे आणि कागदावर टिपून ठेवायचे. संपले की जुनेच जरा फिरवून विचारायचे. केयूर कधी कंटाळला नाही. एकदा तर बोलता बोलता म्हणाला, “बाबा, लहानपणी मी तुमच्या ड्रॉइंग बोर्डाखाली बसून पेन्सिलींना टोक करायचो, आठवतं?” हेमचंद्ररावांना आठवत होतं. ‘हं’ म्हणून त्यांनी घाईघाईनं बॅटरीचा प्रश्न काढला.

त्या दिवशी नेमकं पाणी आलं होतं. प्रमोदिनीबाई स्वयंपाकघरातून ओरडत राहिल्या, “अहो, मोटार लावा!” आणि हे फोन कानाला लावून बॅटरीच्या प्रश्नात बुडालेले. मोटार लागली तेव्हा नळानं शेवटचा सुस्कारा टाकला होता. चार दिवस घरात आंघोळीला अर्धी अर्धी बादली. प्रमोदिनीबाईंनी दोन दिवस अबोला धरला, आणि तो त्यांना शोभलाही.

तिसऱ्या आठवड्यात शेंद्र्याचा कडुबा दारात येऊन उभा राहिला. त्याची निम्मी जमीन औद्योगिक वसाहतीत गेली होती आणि उरलेल्या तुकड्यावर तो कामगारांसाठी खोल्या बांधायला निघाला होता.

“सायेब, मिस्त्री येऊन बसलाय बगा. नकाशा नाय तर पाया कुठं खांदायचा? उद्याच्याला पायजेच.”

डेस्कटॉपनं तर सकाळपासून डोळा उघडला नव्हता. हेमचंद्रराव मुकाट्यानं चपला घालून कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि आकड्यांच्या बटणांचा लॅपटॉप घेऊन आले. कडुबाला नकाशा वेळेवर मिळाला. लॅपटॉप मात्र काम झालं की कपाटात गाद्यांच्या मागे जाऊ लागला, आणि संध्याकाळचे प्रश्न चालूच राहिले.

“आता सांगून टाका त्याला,” प्रमोदिनीबाई म्हणाल्या. “बिचारा कामावरून दमून येतो आणि तुमच्या पंख्याचे आवाज मोजत बसतो.”

“सांगतो.”

“कधी?”

“सांगितल्यावर तो माझ्याशी काय बोलेल, प्रमोदिनी?”

त्या गाद्या सारख्या करत राहिल्या.

आणि मग केयूरचा फोन यायचा थांबला. एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस. कामात असेल, प्रमोदिनीबाई म्हणाल्या. हेमचंद्ररावांचा कागद प्रश्नांनी भरत गेला. सहाव्या दिवशी त्यांच्यानं राहवेना. जर्मनीला जाताना केयूरनं व्हिडिओ कॉलसाठी एक नाव आणि पासवर्ड त्यांच्या डायरीच्या मागच्या पानावर लिहून दिला होता. ‘डेस्कटॉपला एक कॅमेरा तेवढा घ्या बाबा,’ असंही बजावलं होतं. कॅमेऱ्यापुढे बसून बोलायचं काय, म्हणून तो घेणं राहूनच गेलं. फोन तर त्यांचा साधा, बटणांचा. त्यांनी गाद्यांमागून लॅपटॉप काढला, डायरीतलं नाव एकेक अक्षर बघून टाइप केलं आणि कॉल लावला.

पडद्यावर केयूर आला. दाढी वाढलेली, पुढचे केस विरळ झालेले. दोन वर्षांनी दिसत होता. हेमचंद्रराव नुसते बघत राहिले. पोराला डोळे भरून पाहावं, पुढे होऊन त्या केसांवरून हात फिरवावा, असं इतकं वाटलं की त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

“बाबा! किती स्वच्छ दिसताय तुम्ही,” केयूर म्हणाला. “अहो, ऑफिसात आठवडाभर...” आणि मधेच थांबला.

तो का थांबला ते हेमचंद्ररावांना कळलं. डेस्कटॉपला कॅमेरा नव्हता. हे केयूरइतकं पक्कं कुणाला ठाऊक होतं? महिनाभराची लबाडी आपल्याच हातानं पोरापुढे मांडून ठेवली होती. त्यांनी मान खाली घातली. समोर आकड्यांची बटणं दिसत होती. प्रमोदिनीबाई ओले हात पुसत मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. हेमचंद्ररावांनी वर पाहिलं. केयूर पडद्याच्या अगदी जवळ आला होता आणि त्याचे डोळे ओलावले होते.

“मग बाबा,” तो म्हणाला, “काही ठरलं का? पहिला की दुसरा?”

“नाही रे,” हेमचंद्रराव म्हणाले. “अजून नाही ठरलं.”

“घाई नका करू. वजनाचं एकदा नीट बघायला हवं. उद्या याच वेळी बोलू?”

“उद्या?” हेमचंद्रराव चाचरले. “उद्या आमच्याकडे पाण्याचा दिवस आहे.”

मागून प्रमोदिनीबाईंचा हात त्यांच्या खांद्यावर आला.

“तुम्ही बोला,” त्या म्हणाल्या. “मोटार मी लावीन.”