बरणीतल्या दोन नळ्या

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बरणी आहे; पण माझ्यात लोणचं कधीच नव्हतं. १९६२ साली तळेगावच्या काचकारखान्यात माझा जन्म झाला. भट्टीतून काढल्यावर मला घाई न करता निवू दिलं, म्हणून मी आजवर तडकले नाही. तिथून मी पिंपरीच्या एका लहानशा आरोग्य संग्रहालयात आले.

पहिली आठ वर्षं मी रिकामी होते. शेजारच्या बरण्यांत मेंदू होता, मूत्रपिंड होतं, पोटातले जंत होते. शाळेची मुलं नाक दाबून रांगेने यायची. माझ्यासमोर मात्र ती थांबून केस सारखे करायची. ती माझी सुखाची वर्षं होती, हे मला तेव्हा कळलं नाही.

१९७० साली कुरुळीचा भैरू वारला. वय चौतीस. तो एका ओतकारखान्याच्या वाळूखात्यात होता. साच्यातून निघालेल्या लोखंडी भागांवर जोराने वाळू मारून ते साफ करायचे, हे त्याचं काम. त्या खात्यात शिफ्ट सुटताना प्रत्येकाला गुळाचा एक खडा मिळे. गूळ खाल्ला की छातीतली धूळ खाली उतरते, असं कामगार मानत आणि मुकादमही मानत.

भैरूची बायको शालनबाई. संग्रहालयाच्या डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवून सांगितलं, "बाई, यांच्या फुप्फुसात धूळ साठली होती. ते इथे ठेवू का? लोकांना दाखवता येईल."

शालनबाई म्हणाली, "माझा धाकटा भाऊ किसन त्याच खात्यात हाय. त्याला दावाल?"

"दाखवीन. घेऊन या."

"मग ठेवा." तिने अंगठा उठवला.

असा भैरू माझ्यात आला. फुप्फुस करडं होतं आणि त्यात मोहरीएवढ्या कठीण गाठी होत्या. कापताना सुरी कुरकुरली होती. डॉक्टरीणबाईंनी फुप्फुसाबरोबर गळ्यातल्या दोन्ही नळ्या ठेवल्या. पुढच्या श्वासनळीवर वरून खालपर्यंत निळा दोरा बांधला, मागच्या अन्ननळीवर तसाच पांढरा. मग औषधी पाणी भरलं, झाकण मेणाने बंद केलं आणि स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लावली : 'वाळूखात्यातील कामगाराचे फुप्फुस. विडीचे व्यसन नव्हते.'

दुसऱ्या महिन्यात शालनबाई किसनला घेऊन आली. तो दारातूनच म्हणाला, "आक्का, दाजींना काय बरणीत घातलंस गं? घरात बी एवढं गप बसत नव्हतं!"

"वाकून बघ आधी," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी काचेवर बोट ठेवलं. "गूळ या मागच्या नळीतून पोटात जातो. धूळ या पुढच्या नळीतून छातीत जाते. दोन्ही नळ्या वेगळ्या आहेत."

"मग गूळ धुळीला गाठतोय कुठं?"

"कुठेच नाही."

किसनने दोन्ही दोरे वरून खालपर्यंत पाहिले. पुन्हा पाहिले. नंतर तो हसला नाही. त्या आठवड्यात त्याने खातं बदलून मिळावं म्हणून अर्ज दिला आणि कामावर तोंडाला ओलं फडकं बांधू लागला. शालनबाईने हे येऊन सांगितलं तेव्हा ती माझ्याकडे पाहत होती. माझ्या आयुष्यातलं कौतुक म्हणाल तर तेवढंच.

दीड वर्ष अर्जाला उत्तर आलं नाही. दरम्यान डॉक्टरीणबाईंची बदली झाली. एका कंपनीने संग्रहालयाला नवं कपाट दिलं आणि कपाटाबरोबर छापील चिठ्ठ्या आल्या. कारकून सोपानराव यांनी माझी जुनी चिठ्ठी ओल्या बोळ्याने भिजवून खरवडली. नवीवर लिहिलं होतं : 'विडी ओढणाऱ्याचे फुप्फुस.'

"वरनं आलंय ते लावायचं," ते स्वतःशीच म्हणाले.

मित्रांनो, काचेला आरपार दाखवता येतं. बोलता येत नाही.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी किसन शालनबाईला आणि खात्यातल्या चौघांना घेऊन आला. त्यांना दोन नळ्या दाखवायच्या होत्या. पण त्यांची नजर आधी चिठ्ठीवर गेली.

"किसनराव, हितं तर विडी लिवलंय! तुमी कुठं वढता?"

"तुझं दाजी बी वढत नव्हतं," शालनबाई घाईने म्हणाली.

"आक्का, तुझ्या माघारी वढत असतील," किसन म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरचा भार उतरताना मला स्पष्ट दिसला. त्याला हेच हवं होतं. अर्जाला उत्तर नव्हतं, घरी माणसं होती, आणि आता भ्यायचं कारणही उरलं नव्हतं. त्याने खिशातून गुळाचा खडा काढून बहिणीपुढे धरला. "घे. तोंड गोड कर."

तिने तो घेतला नाही.

किसनने अर्ज मागे घेतला. फडकंही सुटलं, त्यात दम कोंडतो, असं तो म्हणायचा. १९७९ साली तो गेला. वय चौतीसच.

शालनबाई एकटी आली. या वेळी तिच्याकडे कुणी काही मागितलं नव्हतं. ती सोपानरावांना म्हणाली, "माझं मालक विडीवालं ठरलं ते ठरलं. तेवढं लिवलेलं पुसा. अजून मानसं हाईत तिथं."

सोपानराव चष्मा पुसत राहिले. "बाई, माझ्या हातात असतं तर..."

तिने पदराच्या गाठीतून कागदाची पुडी सोडली. किसनच्या उशाखाली उरलेले गुळाचे खडे त्यात होते. ते तिने माझ्यासमोर फळीवर ठेवले आणि गेली. संध्याकाळपर्यंत मुंग्यांची रांग लागली. काही मुंग्या माझ्या चिठ्ठीवरून चालत होत्या.

त्यानंतर ती आली नाही. माझ्यातलं पाणी आता पिवळं पडलं आहे. मेण फुटलं आहे, दर उन्हाळ्यात पाणी थोडं खाली जातं आणि कुणी भरत नाही. दोरे जेमतेम दिसतात. मुलं येतात, मोठ्याने 'विडी' वाचतात आणि पुढे जातात. वाळूखातं तीन शिफ्टमध्ये चालतं, गूळही वाटला जातो, असं ऐकते.

मित्रांनो, कधी माझ्यासमोर आलात तर चिठ्ठी शेवटी वाचा. आधी वाका, आणि निळा दोरा कुठे जातो ते पाहा. फार दिवस ते दिसणार नाही.