पाटावरच्या सहा डिस्क

ते कपाट आलं तेव्हा उत्तम गुप्ते यांना त्यातून काय मिळणार होतं, ते आधी मांडू. केबिनच्या दारावर 'मॅनेजर'च्या आधी 'जनरल' लागणार होतं. ड्रायव्हरसकट गाडी मिळणार होती, नौपाड्यातल्या शेजाऱ्यांनी गॅलरीत येऊन बघावी अशी. जमलं तर सिंगापूरचं सेमिनारही. हे सगळं दिवाळीला. कपाटाबरोबरचे इंग्रजी शब्द मात्र ते आलं त्याच दिवशी मिळाले, आणि गुप्त्यांनी ते वापरायला काढले.

कोलशेतच्या रंगाच्या कारखान्यात शहाण्णव साली कॉम्प्युटरची माहिती साठवायला हे कपाट घेतलं. उंची फ्रिजएवढी, आत सहा डिस्क. आठवड्याभरात गुप्ते कँटीनवाल्याला विचारू लागले, "भाजी संपली? हॉट स्पेअर ठेवत नाहीस का रे?" कँटीनवाला म्हणाला, "साहेब, स्पेअर कशी? हॉटच ठेवतो सगळी." गुप्त्यांना आपला विनोद पोचल्यासारखं वाटलं.

कॉम्प्युटर रूमची ऑपरेटर जया मढवी कोलशेत गावातली. कारखान्याच्या कुंपणाच्या आत बॉयलर आहे, तिथे तिच्या आईचं, कमळाबाईचं, भाताचं खाचर होतं. जमिनीच्या बदल्यात घरटी एक नोकरी, असं ठरलेलं. नोकरी दिली, पण टेम्पररी. कायमचं पत्र दर दिवाळीला येणार असायचं. या दिवाळीला मात्र टाइप होऊन तयार होतं, फक्त सही बाकी. जयाचं सगळं पुढचं आयुष्य त्या सहीला टांगलेलं होतं.

तिचं काम म्हणजे दिवसभराची माहिती संध्याकाळी टेपवर उतरवून टेप कुलपात ठेवायची. गुप्त्यांनी ते बंद केलं.

"अगं, आता पॅरिटी आहे. पाच डिस्कवर माहिती वाटलेली असते. एक मेली तर उरलेल्या चार मिळून सांगतात तिच्यात काय होतं. सहावी हॉट स्पेअर, मेलेलीच्या जागी उभी राहायला तयार. रीबिल्ड आपोआप. टेप म्हणजे बैलगाडी!"

"मग सर, संध्याकाळचा ओव्हरटाइम?"

"तो आधी बंद."

टेपा वाचल्या, ओव्हरटाइम वाचला, ही बचत गुप्त्यांनी आपल्या बढतीच्या अर्जात नीट लिहिली. बचत जयाच्या खिशातून झाली होती, ते लिहायला अर्जात रकाना नव्हता.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी कारखान्यात बॉयलरपासून टाइपरायटरपर्यंत सगळ्यांना झेंडूची माळ. पूजेला मालकांच्या आई, चंद्रभागाबाई, दरवर्षी स्वतः येत. कॉम्प्युटर रूममध्ये त्या कपाटासमोर थांबल्या.

"काय हो गुप्ते, हे तर म्यान झालं. खंडेनवमीला तलवार म्यानात ठेवून पुजतात का कुठे?"

ज्याला दिवाळीत बढती हवी असते तो मालकाच्या आईला नाही म्हणत नाही. "बाई, यात हॉट स्वॅप आहे! चालू मशीनमधूनही काढता येतात," म्हणत गुप्त्यांनी मशीन बंद करून सहाही डिस्क बाहेर ओढल्या. बाईंनी त्या पाटावर नारळाभोवती गोल मांडल्या, एकेकीला बोटाने कुंकू लावलं. जया तबक धरून उभी होती. आरती झाली, पेढे वाटले, बाई पुढच्या खात्यात गेल्या.

"सर, कुठली कुठे होती?" जयाने विचारलं.

"लाव गं कुठेही! सगळ्या एका मापाच्या. त्यांचं त्या बघून घेतात, कंट्रोलर कशाला ठेवलाय?" पेढा तोंडात असल्यामुळे हे जरा गोड ऐकू आलं. जयाने ओढणीने कुंकू पुसून डिस्क बसवल्या.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मशीन चालू केलं, तर पडद्यावर: डिस्कचा संच ओळखता येत नाही. फोनवर कपाटवाल्या कंपनीचा इंजिनियर म्हणाला, "पुण्याहून निघतोय. तोपर्यंत कशालाही हात लावू नका."

पण इंजिनियर आला की मालकांना कळणार. आणि पडदा विचारत होता, नवा संच करू का? आधीचं सगळं पुसलं जाईल.

"सर, सगळं जाईल म्हणतंय," जया म्हणाली.

"पॅरिटी आहे ना! परत आणेल," म्हणत गुप्त्यांनी बटण दाबलं.

संध्याकाळी इंजिनियरने डोक्याला हात लावला. "अहो, नुसती रांग बदललेली! आधीच्या रांगेने लावल्या असत्या तर सगळं जागच्या जागी होतं. नवा संच केलात म्हणजे स्वतःच पुसलंत की. एका डिस्कचं पॅरिटी सांगते, सगळ्यांचं कोण सांगणार? बरं, शेवटची टेप द्या."

शेवटची टेप पावसाळ्याच्या आधीची होती.

चौकशीच्या रिपोर्टात बटणाला 'कंट्रोलर-लेव्हल रीइनिशियलायझेशन ड्यू टु मेटाडेटा इनकन्सिस्टन्सी' असं नाव मिळालं. गुप्त्यांचं नाव कुठेच नाही. शेवटी एक ओळ मराठीत, कारण ती कामगारांच्या नोटीस बोर्डावर लागायची होती: 'ऑपरेटर जया मढवी यांनी डिस्कना हळदकुंकू लावून त्या चुकीच्या जागी बसवल्या.'

मालकांसमोर जयाने तो कागद टेबलावर आपटला. "साहेब, यांनी बटण दाबलं ते इंग्रजीत, आणि मी कुंकू लावलं ते मराठीत? आणि लावलं तरी कुठे मी? मोठ्या बाईंनी लावलं. लिहा ना ते!"

"अहो, आईचं नाव रिपोर्टात कसं..." मालक एसीकडे बघू लागले.

"जया, या टेक्निकल गोष्टी तुला कळायच्या नाहीत," गुप्ते म्हणाले.

"कळायला तुम्ही सांगितलं कधी, सर? तुम्ही नुसतं ऐकवलंत. 'कुठेही लाव' हे तरी मराठीत बोललेलात ना? तेवढं एक लिहा!"

कुणी लिहिलं नाही. बाहेर गेटवर कमळाबाई वॉचमनला ऐकवत होती, "जागा घेतली तवा आमचे भाषेन बोलत व्हते. आता पोरीला काढतानी इंग्रजी काढलं!" वॉचमन गावातलाच.

आता बेरीज. कपाटवाल्या कंपनीने आणखी एक कपाट विकलं, वर टेपांचं यंत्र. चंद्रभागाबाई पुढच्या वर्षी कपाटाची दारं बंद ठेवून पूजा करणार आहेत; त्यांचा एक नारळ गेला. मालकांना दिवाळीचा माल उशिरा पाठवावा लागला, तो त्यांनी कामगारांच्या बोनसमधून भरून काढला. गुप्ते जनरल मॅनेजर झाले, कारण एवढ्या मोठ्या संकटात त्यांनी शांत डोक्याने रिपोर्ट लिहिला. सिंगापूरला ते 'माहितीची सुरक्षा' या विषयावर बोलून आले.

जयाचं टाइप झालेलं पत्र फाडलं. किंमत मढवींच्या घराने मोजली: पहिल्यांदा आईने खाचर देऊन, आणि आता मुलीने त्या खाचराची नोकरी देऊन.