जावयासाठी घेतलेला हीटर

अकोल्याच्या जुन्या शहरात मोर्णा नदीकडे उतरणारा एक बोळ होता. दिवाळी सरली की त्या बोळाच्या तोंडाशी रोज पहाटे शेकोटी पेटायची. येणाऱ्याने रिकाम्या हाताने यायचं नाही, अशी रीत. कुणी तुराट्या आणायचा, कुणी मोडक्या खाटेचा पाय, पण बहुतेकांच्या हातात पऱ्हाट्या असायच्या. कापूस वेचून झाला की शेतात उरतात ती वाळकी झाडं. भुर्रकन पेटतात, भुर्रकन विझतात. जाळापाशी कुणीतरी ठिय्या देऊन एकेक काडी घालत राहावं लागतं. ते काम देवमन मास्तरांकडे होतं.

मास्तर म्युनिसिपालिटीच्या शाळेतून निवृत्त झालेले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. घरात पुस्तकं होती, पण रात्री झोप लागली का, हे काही पुस्तक विचारत नाही. दिवसभरात माणसं त्यांच्याशी बोलत ती त्या शेकोटीपाशीच. तिथंही मास्तर आपणहून तोंड उघडत नसत. कुणी काही विचारलं तर सांगत, आणि घरी आल्यावर, आपण उगाच जास्त बोललो का, समोरच्याला राग तर आला नसेल, असं घोळवत बसत.

शेकोटीला चौघं पक्के. मास्तर, शिंपीकाम करणारे डोमाजी, निवृत्त पोस्टमन पुंजाराम आणि किसनराव. किसनराव कापसाच्या अडतीवर दिवाणजी होते. आवाज मोठा, हसणं मोठं. ते आणि मास्तर एका पाटीवर शिकलेले, त्यामुळे दोघांत 'देवमन', 'किसन' असं अरेतुरे होतं. मास्तरांना अरे म्हणणारं जगात तेवढंच एक माणूस उरलं होतं.

त्रेसष्ट सालच्या डिसेंबरात थंडी कडाक्याची पडली. एका सकाळी डोमाजी आणि पुंजाराम उठून गेल्यावर किसनराव मागे रेंगाळले.

"देवमन, एक काम हाये तुझ्याकडं."

"बोल ना."

"अमरावतीले जवायाच्या घरी लय गारठा. शकुन पोराले घेऊन सासरी गेली, आन् पोरगं रातभर कुडकुडते म्हणते. जवाई म्हणे, मामाजी, बिजलीचा हीटर पाठवा. मले काय कयते त्यातलं? तूच निवडून दे. पैशाची फिकर करू नको."

शकुन म्हणजे किसनरावांची एकुलती लेक. मास्तरांच्या ओसरीवर बसून ती बाराखडी शिकली होती. तिच्या बाळासाठी म्हटल्यावर मास्तरांच्या अंगात विशीतला उत्साह आला.

त्यांनी आधी वाचनालय गाठलं आणि विजेवरची दोन पुस्तकं टिपणं काढत वाचली. मग टिळक रोडवरच्या विजेच्या सामानाच्या दुकानात गेले आणि दुकानदाराला इतके प्रश्न विचारले की त्याने शेवटी त्यांच्यासाठी चहा मागवला. दुकानात तीन तऱ्हा होत्या. एक मातीच्या थाळीतल्या उघड्या तारेचा, त्यावर चहाही होतो. पण रांगतं पोर त्यात हात घालायचं. दुसरा तांब्याच्या वाडग्याचा, दिसायला झकास; पण धक्का लागला की कलंडतो. तिसरा आडव्या सळईचा. त्याला मागे चकचकीत पत्रा आणि पुढे जाळी, बूड रुंद. मास्तरांनी तिसरा निवडला. वायर जाड घेतली, तीन पायांची पिन बसवून घेतली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी किसनरावांना समोर बसवून सगळं समजावलं. मागचा पत्रा रोज पुसायचा. त्यावर धूळ बसली की आच पुढे येत नाही. दिव्याच्या होल्डरला पिन अडकवून हा लावायचा नाही, वायर जळते. ओली दुपटी त्यावर वाळत घालायची नाहीत. पोराला हातभर लांब ठेवायचं. जाळी लाल दिसत नसली तरी चटका देते. किसनराव एकेक गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होते. पोरीसाठी बापाचा जीव कसा तुटतो, असं मास्तरांच्या मनात आलं.

"उद्याच्या गाडीनं देऊन येतो," किसनराव म्हणाले. "तू नसता तर मी फसलो असतो रे."

ते वाक्य मास्तरांना कितीतरी दिवस पुरलं.

पुढच्या आठवड्यात किसनराव शेकोटीला आले नाहीत. मास्तरांनी घरी जाऊन चौकशी केली तर दारातच म्हणाले, "डॉक्टरनं धूर बंद केला. छातीत घरघर हाये." मास्तरांनी त्यांना ज्येष्ठमध नेऊन दिला. मग डोमाजींचे गुडघे धरले. मग पुंजारामचंही येणं थांबलं. रस्त्यात भेटला तर म्हणाला, "सून पहाटे उठू देत नाई, मास्तर," आणि सायकलवर टांग टाकून निघून गेला.

दोनतीन दिवस मास्तरांनी एकट्याने जाळ घातला. पऱ्हाट्या पेटत, विझत, आणि चेहऱ्यावर उजेड पडावा असं समोर कुणीच नसे. आपण काही बोललो का, हे ते आठवू लागले. कापसाच्या भावावरून पुंजारामची चूक आपण दुरुस्त केली होती. तेव्हा तो हसला होता. पण हसणं खरं होतं का? अखेर त्यांनी शेकोटी सोडून दिली. पहाटे उठून ते घरातच दिव्याखाली वाचत बसू लागले.

आणि मग दिवा त्रास देऊ लागला. वाचता वाचता एकदम पिवळा पडायचा, अक्षरं पुसट व्हायची, आणि दिवस वर आला की पुन्हा लख्ख. मास्तरांना वाटलं, मोतीबिंदू. मग वाटलं, बल्ब. नवा बल्ब आणायला ते त्याच दुकानात गेले आणि भीतभीतच तक्रार सांगितली.

दुकानदार हसला. "बल्बले काई नाई झालं, मास्तर. तुमच्या लायनीवर कोणीतरी हीटर लावून राहिलं. जुन्या शहरातल्या तारा बारीक. एकानं आच घेतली का बाकीच्यांचे दिवे मलूल."

घरी येताना मास्तर विचार करत होते. आपल्या खांबावरून पाचसहा घरं. त्यात हीटर घेण्यासारखं घर एकच. आणि मग त्यांना एकदम उलगडा झाला, ते रस्त्यातच थांबले आणि हसले. शकुन माहेरी आली असणार! थंडी ओसरेपर्यंत बाळाला घेऊन आली असणार, आणि हीटरही सोबत आणला असणार. किसन बोलला नाही, कारण त्याची स्वतःची छाती धरलेली. बिचारा.

त्यांनी तसंच बाजारात वळून एक लाकडी खुळखुळा घेतला, लाल-हिरव्या लाखेचा.

दुसऱ्या दिवशी पहाटे दिवा पिवळा पडताच मास्तरांनी पुस्तक मिटलं. खुळखुळा कोटाच्या खिशात घातला, मफलर गुंडाळली आणि बोळाच्या आतल्या अंगाला, किसनरावांच्या घराकडे निघाले. बैठकीचं दार लोटलेलं होतं आणि फटीतून तांबूस उजेड पायरीवर पडला होता. आतून हसण्याचा आवाज आला. मास्तर पायरीवर थबकले. तो आवाज डोमाजींचा होता.

"...उघड्या तारेचा घेऊच नाई," किसनराव सांगत होते. छातीत कसली घरघर नव्हती, आवाज खणखणीत होता. "मातीच्या थाळीचा स्वस्त असते, पण लेकरू हात घालते. तांब्याच्या वाडग्याचा कलंडते. हा पाहा, बूड रुंद. आन् मागचा पत्रा? धूळ बसली का आच पुढं येत नाई. म्हणून रोज पुसतो मी."

"लय डोकं लावलं तुमी," पुंजाराम म्हणाला.

"मंग! पुस्तकं वाचली ना बापा. दुकानदार तं थकला. चहा पाजला त्यानं मले."

मास्तर उभेच राहिले. त्यांना सुरुवातीला राग आला नाही. आपलीच वाक्यं दुसऱ्याच्या तोंडून किती ठसठशीत वाटतात, एवढंच त्यांच्या मनात आलं. आपण सांगताना ती अशी का वाटत नाहीत? राग नंतर आला, तोही त्या चहाचा. तो चहा आपण प्यालो होतो.

परत फिरावं म्हणून त्यांनी पाय मागे घेतला आणि खिशातला खुळखुळा वाजला.

"कोण हाये?" डोमाजींनी दार ओढलं. "अगा, मास्तर!"

आत सगळी शेकोटी होती. सतरंजीवर डोमाजी, पुंजाराम, आणि तक्क्याला टेकलेले किसनराव. मधे तो हीटर, सळई लालबुंद. किसनरावांच्या पत्नी दुर्गावहिनी चहाचे पेले घेऊन आतल्या दारात उभ्या होत्या. मास्तरांना पाहून त्या तशाच आत वळल्या.

"शकुन आली असेल म्हणून..." मास्तर म्हणाले.

"शकुन?" पुंजाराम म्हणाला. "ते तं अमरावतीले हाये."

किसनरावांचा चेहरा क्षणभर उतरला, मग ते हसले. "ये, ये देवमन. अरे, जवायानं वापस पाठवला. त्याच्याकडं लाइटचं काई जमत नाई. मी तुले बोलावणारच होतो."

"परवा तं तुमी म्हणे खास स्वतःसाठी घेतला," डोमाजी सहज बोलून गेले आणि शिलाईतला धागा दातानं तोडावा तसे गप्प झाले. मग विषय बदलत म्हणाले, "बरं झालं आले, मास्तर. तुमी पुस्तकवाले. माह्या पोराले घ्यायचा हाये. एका सळईचा घेऊ का दोन सळयांचा?"

किसनरावांनी मास्तरांकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी होती. तोंडाने कधी केली नसती अशी. मास्तरांना सगळं समजलं. आपल्याला इथं बोलावलं नव्हतं ते जागा कमी होती म्हणून नाही, की आपलं बोलणं कंटाळवाणं होतं म्हणूनही नाही. ज्या गोष्टींच्या जोरावर किसन या सतरंजीवर मोठा झाला होता, त्या कुणाच्या हे सांगू शकणारा एकच माणूस होता. त्याला बाहेर थंडीत ठेवणं भाग होतं.

एक वाक्य बोललो तर झालं, असं मास्तरांना वाटलं. आणि लगेच वाटलं, ते वाक्य किसननेच बोलावं. त्याला जागा करून द्यावी. पाटीवरची चूकही पोराला स्वतः पुसू दिली की ते रडत नाही.

"किसनला विचारा," ते म्हणाले. "यातलं त्याला ठाऊक आहे."

आणि ते वाट पाहत राहिले. अरे, मले कुठलं ठाऊक, यानंच तर निवडला. एवढं किसनने म्हटलं असतं तरी पुरलं असतं. हसत म्हटलं असतं तरी.

किसनरावांनी सुटकेचा श्वास घेतला आणि मांडीवर थाप मारली. "आयकलं? आता तं मास्तरबी म्हणून राहिले!"

डोमाजींनी मान डोलावली. पुंजाराम सरकला, मास्तरांना हीटरसमोर जागा झाली. मास्तर बसले. कारण उठून जायचं तर काहीतरी बोलावं लागलं असतं. सळईची आच नडग्यांवर आली. चहाही आला. दुर्गावहिनींनी पेला त्यांच्या हाती देताना वर पाहिलं नाही.

गप्पा पुन्हा सुरू झाल्या. कापसाचा भाव, पुंजारामची सून, नदीकाठच्या कुण्या घरी झालेली चोरी. महिनाभर मास्तरांनी याचसाठी जीव टाकला होता. आता ती माणसं चार हातांवर होती आणि मास्तरांना त्यांचं बोलणं रस्त्यापलीकडून आल्यासारखं ऐकू येत होतं.

"पण एक सांगा, दिवाणजी," पुंजाराम पायावर हात चोळत म्हणाला, "तंगड्या भाजून राहिल्या आन् पाठ बर्फ. खोलीत हवा तं गारच हाये. असं काहून?"

किसनराव उत्तर द्यायला पुढे झुकले आणि अडले. हे त्यांनी विचारलंच नव्हतं, म्हणून सांगितलंही गेलं नव्हतं. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. या वेळी नजरेत विनवणी नव्हती. शाळेत उत्तर अडलं की किसन कोपराने ढोसायचा, तसा हक्क होता.

मास्तरांना उत्तर माहीत होतं. ही आच उन्हासारखी सरळ जाते. ज्यावर पडते तेच तापवते, वाटेतली हवा तशीच राहते. पाठ गार तर पाठ फिरवून बसावं. जिभेवर आलेलं वाक्य होतं. जन्मभर कुणी काही विचारलं आणि ठाऊक असून त्यांनी सांगितलं नाही, असं कधी झालं नव्हतं.

त्यांनी पेला तोंडाला लावला आणि चहा पीत राहिले.

"ते असं हाये," किसनराव हीटरकडे पाहत म्हणाले, "का हवा असते वल्ली. वल्ल्या हवेले आच लागत नाई. म्हणून."

"हो का," पुंजाराम म्हणाला.

"असंच असन," डोमाजी म्हणाले.

बस्, एवढंच. चुकीचं उत्तरही तेवढंच चाललं, तेवढ्याच माना हलल्या. मास्तरांनी रिकामा पेला सतरंजीच्या कडेला ठेवला, गुडघ्यावर हात टेकून ते उठले. "येतो," म्हणाले. कुणी 'बसा' म्हटलं. कुणी, ते त्यांनी पाहिलं नाही.

किसनराव दारापर्यंत आले. "उद्या ये रे, देवमन," ते हलक्या आवाजात म्हणाले. "रोज येजो."

"बघतो, किसनराव," मास्तर म्हणाले आणि पायरी उतरले.