कोरड्या पट्टीतून

मावशीचं लाँड्रीचं दुकान होतं. तिथल्या गरम इस्त्रीला भाचीचा हात लागला आणि मनगटाच्या वर चांगलंच भाजलं. भाचीला घरात सगळे खारू म्हणत, कारण ती एका जागी टिकायचीच नाही. मागच्या खेपेला पट्टी सोडवताना नवी कातडीही थोडी निघून आली होती आणि खारूने दवाखाना डोक्यावर घेतला होता. म्हणून आज डॉक्टरबाई पट्टी न सोडताच आत बघणार होत्या.

"हे टेराहर्ट्झचं यंत्र," त्या म्हणाल्या. "अजिबात टोचत नाही. याच्या लहरी डोळ्यांना दिसत नाहीत. कोरड्या कापडातून त्या सहज पार जातात, पण पाणी लागलं की अडकतात. म्हणून जखमेत कुठे किती ओल आहे ते कळतं."

"आणि जास्त ओल असली तर?"

"तर पट्टी सोडावी लागेल गं."

खारूने हात टेबलावर ठेवला आणि चक्क हललीसुद्धा नाही.

पडद्यावर चित्र उमटलं. मधोमध मोठा काळा डाग! डॉक्टरबाईंचा चेहरा उतरला. "जखम चिघळलेली दिसतेय. सोडून बघू या."

"मावशीऽऽ!"

मावशी पडद्याजवळ गेली, डागाकडे बघत राहिली आणि एकदम ओशाळली. "अहो, या कार्टीने पट्टीवर सरबत सांडलं होतं. एवढी मळकी पट्टी घेऊन तुमच्यासमोर कसं यायचं? मीच आत्ता बाहेर बसून ओल्या फडक्याने पुसली. वरवर हं! हाताला तर कोरडी लागतेय."

डॉक्टरबाईंनी कपाळावर हात मारला. "तुमच्या हाताला कोरडी, पण या यंत्राला नाही!"

"लाँड्रीवालीला डाग बघवत नाही, काय करू? इस्त्री असती तर मिनिटात वाळवली असती..."

"इस्त्रीचं नाव काढू नकोस!" खारू किंचाळली.

शेवटी टेबल फॅन लावला आणि तिघी त्याच्यासमोर बसल्या.

"पण पाण्यात लहरी अडकतात कशा?" खारूने विचारलं.

"चिखलातून पळताना पाय दमतात ना? तसंच. लहरीची ताकद पाण्याला हलवण्यातच संपते."

"मी नाही दमत."

"तू लहर नाहीस, लहरी आहेस," मावशी म्हणाली.

पट्टी वाळल्यावर पुन्हा चित्र काढलं. काळा डाग गेला होता. जखमेच्या जागी सगळीकडे सारखा, फिकट राखी रंग दिसत होता. डॉक्टरबाईंनी तो बराच वेळ न्याहाळला.

"जिवंत कातडीत ओल असतेच. ती अशी सारखी पसरलेली आहे, म्हणजे जखम छान भरतेय. राहू दे पट्टी."

खारूने टुणकन उडी मारली आणि मावशीचा हात ओढून टेबलावर ठेवला. "आता हिचं बघा ना!"

"माझं काय बघताय? जन्म कपडे भिजवण्यात गेला. सगळं काळंच दिसेल."

डॉक्टरबाई हसल्या आणि त्यांनी यंत्र पुन्हा सुरू केलं.